पहिली नोकरी, परकं शहर: आपल्या नावावरचा संसार कसा सांभाळायचा

घरी असताना लाइटबिल बाबांच्या नावावर येतं, गॅसचं पुस्तक आईच्या नावावर असतं आणि रेशनकार्डावर आपण कुठेतरी खालच्या ओळीत. लातूर, जळगाव, नाहीतर सावंतवाडीहून पहिल्या नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलात की महिनाभरात सगळं पालटतं. भाडेकरार, पगाराचं खातं, पीएफ, सिम, क्रेडिट कार्ड, सगळं तुमच्या नावावर. ‘जगण्याची कौशल्यं’ म्हटलं की लोक पहाटे उठण्यापासून सुरुवात करतात. उठा की. पण त्याआधी आपल्या नावावर काय काय आहे, त्यात काय लिहिलंय आणि बिघडलं तर कुणाकडे जायचं, एवढं ठाऊक हवं. पुढचा क्रम मी साधारण त्या गोष्टी अंगावर येतात तसाच लावलाय.

आधी नाव सारखं करून घ्या

दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेक वेळा नाव-वडील-आडनाव असा क्रम असतो. पॅनकार्ड काढताना कुणीतरी वडिलांचं नाव गाळलेलं असतं. आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त किंवा कमी असतोच. कॉलेजात हे कुणी विचारत नाही. नोकरी लागली की पीएफचं खातं आधारशी जोडताना, बँकेचं केवायसी करताना, पासपोर्ट काढताना नेमकं हेच आडवं येतं.

रुजू व्हायच्या आधीच एका दुपारी आधार, पॅन, बँक पासबुक आणि गुणपत्रिका समोर मांडा. नाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर ताडून बघा. आधारवरचं नाव कसं हवं ते ठरवा आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या. आधार केंद्रात किंवा पॅनच्या ऑनलाइन अर्जातून स्पेलिंग दुरुस्त होतं. नावच बदलायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. लग्नानंतर मुलीनं नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हेही इथंच सांगून टाकतो, कारण कागदांचा निम्मा घोळ तिथून सुरू होतो.

मग हे कागद डिजिलॉकरमध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कागद-कपाटात घ्या. प्रत्येकाची एक झेरॉक्स घरी, आईच्या कपाटात ठेवा.

घर: चावी घेण्याआधी

महाराष्ट्रात भाड्यानं घर घेताना साधारण अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ असं सांगणारे अजून भेटतात. ‘नोटरी करून घेऊ की’ हेही ऐकायला मिळेल. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी आता ऑनलाइन होते. एजंट थंब मशीन घेऊन घरी येतो, दोन्ही बाजूंचे आणि साक्षीदारांचे अंगठे घेतो आणि काही दिवसांत करार पीडीएफमध्ये हातात पडतो. पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे हाच कामाला येतो.

खर्चाचं गणित स्वतः करून बघा. भाडं १५,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल, तर अकरा महिन्यांचं भाडं झालं १,६५,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेली रक्कम मिळवायची आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे सव्वाचारशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. याउपर एजंट जे सांगेल ती त्याची मजुरी. ती किती असावी यावर बिनधास्त घासाघीस करा, आणि ती कोण भरणार हे आधी बोला.

करार वाचताना चार ठिकाणी थांबा. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही तो, किती महिन्यांचं आहे? नोटीस किती दिवसांची, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का? सोसायटीचा मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा? आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार आहेत का? हा शेवटचा मुद्दा तोंडी कुणीच काढत नाही. डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी मात्र अचानक निघतो. रंगाचे पैसे द्यायला हरकत नाही, पण रक्कम करारात लिहिलेली असू दे.

चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी मोबाइल काढा. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या. भिंतीची ओल, फुटलेली फरशी, गळका नळ, न चालणारा गीझर, सगळं टिपा. मग विजेच्या मीटरचा फोटो, आकडे नीट दिसतील असा. हे सगळं त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, ‘काका, आज ताबा घेतला, मीटर रीडिंग इतकं आहे’ असं साध्या भाषेत. भांडायचा सूर नको. तारखेसकट पुरावा तयार झाला, काम झालं. महावितरणचं कनेक्शन असेल तर बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकून मागची थकबाकी बघता येते. आधीच्या भाडेकरूचं बिल तुमच्या गळ्यात नको.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हेही घरमालकाचं काम आहे. पुण्या-मुंबईत ते ऑनलाइन होतं. त्यानं केलं नसेल तर आठवण करा.

पगार: सीटीसी आणि हातात येणारे पैसे

‘चार लाख ऐंशी हजारांचं पॅकेज’ म्हणजे महिना चाळीस हजार असं गावाकडे सगळ्यांना सांगून झालेलं असतं. पहिल्या महिन्यात खात्यात चौतीस हजार येतात आणि मुलगा एचआरकडे भांडायला जातो. भांडण्याआधी पगारपत्रक उघडा.

समजा मूळ पगार २०,००० आहे. कंपनीचा पीएफ वाटा १२ टक्के, म्हणजे २,४००. तो सीटीसीतच, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातच, मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीची, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाची, तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, म्हणजे ९६२ रुपये. तीही सीटीसीतच, आणि साधारणपणे पाच वर्षं नोकरी झाल्यावरच हाती लागणारी. उरले ३६,६३८. त्यातून तुमचा पीएफ वाटा २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की ३४,०३८. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी दिसतील, कारण महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५०० आहे आणि फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो नाही. कापला जात असेल तर विचारा.

पीएफ म्हणजे गेलेले पैसे नव्हेत. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर, मिळाला की तो चालू करा आणि दोन-तीन महिन्यांनी पासबुक उघडून पैसे खरंच जमा होताहेत का बघा. पत्रकात कापलेत पण पासबुकात दिसत नाहीत, असं असेल तर तो गंभीर मामला आहे. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत जातो, त्यामुळे तुमचा आणि कंपनीचा आकडा सारखा दिसणार नाही, तिथं घाबरू नका. नोकरी बदलली की जुनं खातं नव्याला जोडून घ्या. काढून खाऊ नका. सलग पाच वर्षं भरण्याआधी काढलेल्या पैशावर कर लागतो, आणि त्या पैशाचा शेवटी नवा फोन होतो.

आयकराबद्दल थोडक्यात: २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर पडत नाही. तरी विवरणपत्र भरा. उद्या गृहकर्ज किंवा व्हिसा घेताना तीच विवरणपत्रं मागतात.

पगार झाला की पहिल्या दोन दिवसांत भाडं, घरी पाठवायचे पैसे आणि बचत खात्यातून बाहेर काढा. उरलं त्यात महिना काढायचा. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम मुदत ठेवीत किंवा आवर्ती ठेवीत साठेपर्यंत शेअर, क्रिप्टो, ‘सोन्याची भिशी’ यातलं काहीही नको. एका बँकेतल्या ठेवींना मुद्दल-व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. सहकारी बँकांनाही ते आहे. पतसंस्थांना नाही. जास्त टक्का व्याज देणारी पतसंस्था गावातली, ओळखीची असली तरी हा फरक राहतोच.

‘नाही’ म्हणायची पद्धत

या वयातले बरेच आर्थिक घोटाळे परक्यांमुळे होत नाहीत. ते ‘आपल्या’ माणसांमुळे होतात, आणि म्हणून त्यावर जरा जास्त लिहितोय.

पहिला प्रसंग. पहिल्या पगाराचा पेढा पोचायच्या आत विमा एजंट असलेले लांबचे काका घरी येतात. आईसमोर बसून वीस वर्षांची पॉलिसी समजावतात. वर्षाला तीस हजार भरा, मग एकदम मोठी रक्कम. विमा आणि बचत एकत्र असलेल्या अशा योजनांत विमा तुटपुंजा आणि परतावा बेताचा असतो. मधेच हप्ते थांबवले तर भरलेल्यातलंही बरंच जातं. तुमच्यावर कुणी अवलंबून असेल तर साधा टर्म विमा (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा, बचत नसलेला) घ्या, नसेल तर थांबा. काकांना काय सांगायचं? ‘काका, कागद ठेवून जा, मी वाचतो. या वर्षी मी नवीन काही चालू करत नाहीये.’ कारणं देऊ नका. कारण दिलं की त्याचं उत्तर काकांकडे तयार असतं. सही होऊन गेलीच असेल तरी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

दुसरा प्रसंग जास्त वाईट. मित्राला, चुलतभावाला कर्ज हवंय, ‘नुसती जामीनदार म्हणून सही कर, हप्ते मीच भरणार.’ भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. वसुलीवाले तुमच्या पगाराकडे बोट दाखवून येऊ शकतात, आणि हप्ते चुकले तर सिबिलवर, म्हणजे बँका बघतात त्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग तुमचाही. तुमच्या नावावर हप्त्यानं फोन किंवा गाडी घेऊन देणं हाही तोच प्रकार. इथं सरळ म्हणा, ‘दादा, सही मी कुणालाच देत नाही, घरात तसं ठरलंय. पाच-दहा हजारांची मदत लागली तर सांग, जमेल तेवढी करीन.’ दिलेले पाच हजार बुडाले तरी नातं टिकतं. जामीनकीत बहुतेक वेळा दोन्ही जातात.

तिसरा मोह स्वतःचाच: क्रेडिट कार्ड. ते वाईट नाही. पूर्ण बिल दर महिन्याला भरणाऱ्याला ते फुकटच पडतं आणि सिबिल स्कोअर तयार होतो. घात करते ती ‘किमान देय रक्कम’. २०,००० चं बिल आहे, किमान रक्कम १,००० दाखवलीय, तुम्ही तेवढीच भरली. महिना साडेतीन टक्के दरानं व्याज झालं सातशेच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १२६. हजारातले ८२६ व्याजापोटी गेले आणि कर्ज फक्त पावणेदोनशेनं उतरलं. वर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. ऑटो-डेबिट लावताना ‘संपूर्ण रक्कम’ हाच पर्याय निवडा.

स्वयंपाक: आठवड्यात चार दिवस तरी

रोज साग्रसंगीत ताट करायचा चंग बांधला की तो दहाव्या दिवशी सुटतो. पोळ्या किंवा भाकऱ्या जमत नसतील तर कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणा, त्यात कमीपणा काही नाही. वरण-भात, खिचडी, एक उसळ, अंड्याची पोळी किंवा कांदेपोहे एवढं हाताला बसलं की माणूस कुठल्याही शहरात तरतो.

गॅसची सोय आधी. कनेक्शन नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. इंडेन तो ‘छोटू’ नावानं विकते आणि त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. घरमालकाची शेगडी असेल तर नारिंगी रबरी नळीवरची तारीख बघा. पाच वर्षं झाली असतील किंवा चिरा दिसत असतील तर बदला. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण ना लावायचं ना बंद करायचं. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.

आता खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, दोन-तीनदा धुऊन निथळत ठेवा. कुकर हातात घेतलात की झाकणाची शिट्टी काढून भोक उजेडाकडे धरा. आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस तिथं सुकून अडकतो, आणि कुकर उडतात ते यामुळेही. कुकरमध्ये दोन चमचे तेल, मोहरी तडतडू द्या, जिरं, हिंग, पाव चमचा हळद, एक चिरलेला कांदा. कांदा मऊ झाला की डाळ-तांदूळ घालून दोन मिनिटं परता. चव इथं येते, हे टाळू नका. एक चमचा गोडा मसाला, मीठ, साडेचार वाट्या गरम पाणी. मऊ हवी असेल तर पाच. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात नाही. वरून तूप. हे दोन माणसांचं जेवण आहे, किंवा एकाचं रात्रीचं आणि सकाळच्या डब्याचं. उरलेली खिचडी मात्र रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रिज नसेल तर तेवढीच करा.

एकट्यानं आजारी पडणं

ताप आला तर पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसात एकूण चार ग्रॅमच्या वर कधीच नाही. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही यात धरायचं. पावसाळ्यातल्या तापात आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनानं घेऊ नका. डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलवाल्यानं हातावर ठेवलेली अँटिबायोटिक तर मुळीच नाही. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि घोट घोट पीत राहायचं. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, पोटात जोरात दुखू लागलं, उलट्या थांबेनात किंवा गुंगी यायला लागली तर डॉक्टर, मग सुट्टी मिळो न मिळो. रुग्णवाहिकेसाठी १०८.

रूममेटकडे तुमच्या घरचा एक नंबर आणि रक्तगट असू दे. कंपनीचा आरोग्य विमा नोकरी सुटली की बहुधा त्याच दिवशी संपतो, म्हणून परवडेल तेव्हा स्वतःची छोटी पॉलिसी घ्या. घेताना खोलीभाड्याची मर्यादा नक्की बघा. मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली तर नुसतं खोलीचं भाडं कापत नाहीत, डॉक्टरच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात.

मन ठिकाणावर नसेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

फोन आला, घाम फुटला

पैसे यायला पिन लागत नाही. यूपीआयचा पिन फक्त पैसे जायला लागतो. जुनं कपाट विकायला काढलं आणि ‘क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ हाही चोरच. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही.

तरीही पैसे गेलेच तर लाजत बसू नका, पहिले काही तास मोलाचे असतात. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग बँकेला कळवून खातं आणि कार्ड गोठवायचं, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉटसकट तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार तुमची किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणूनही घाई.

फोन हरवला तर आधी सिम बंद करून घ्या, पोलिसांत नोंद करा, आणि मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून आयएमईआय क्रमांक, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. तो क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो. आत्ताच कागदावर लिहून ठेवा. त्याच पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतो.

कार्यालयात गेल्यावर

सरकारी असो, बँक असो की सोसायटी, तोंडी बोलणं हवेत जातं. अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा: प्रति, विषय, महोदय, तीन-चार वाक्यांत काय झालंय आणि काय हवंय, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, सही, तारीख, फोन. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्यायची. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर हसून म्हणा, ‘साहेब, तेवढी पोच द्या.’ न चिडता, तिथंच उभं राहून.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, अशा कितीतरी सेवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरबसल्या मागता येतात. मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील करता येतं, आणि तिथं तुमच्याकडची पोच किंवा अर्ज क्रमांकच चालतो. मतदार यादीत पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८, पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६. दोन्ही ऑनलाइन भरता येतात, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून तो नोंदणी केलेला भाडेकरार जोडता येतो.